अमेरिकन कॉलेज स्पोर्ट्स: टीमच्या यशात ॲथलेटिक डायरेक्टरचा वाटा किती?

शनिवारचा प्रेक्षक

सीझन संपत आला की सगळीकडे एकच चर्चा सुरू होते: कोणत्या कोचला काढणार आणि त्याच्या जागी कोण येणार. त्या कोचला नेमलं कोणी, नेमणाऱ्यावर कोणाचं दडपण होतं, करारात काय लिहिलं होतं, हे फारसं कोणी विचारत नाही. म्हणून हा धागा काढतोय.

टेनेसी विद्यापीठाचंच घ्या. जॉन करी एप्रिल २०१७ मध्ये तिथे ॲथलेटिक डायरेक्टर, म्हणजे विद्यापीठाच्या खेळ विभागाचे प्रमुख, झाले (यापुढे नुसतं ‘एडी’ म्हणतो). नोव्हेंबरच्या शेवटी फुटबॉल कोच म्हणून ग्रेग शियानो यांचं नाव बाहेर फुटलं आणि एका दुपारीत चाहते, देणगीदार, राज्यातले लोकप्रतिनिधी सगळे उलटले. नेमणूक बारगळली. आठवडाभरात करींची खुर्चीही गेली. जेमतेम आठ महिन्यांची कारकीर्द, आणि आजही त्यांचं नाव निघालं की लोकांना तोच गोंधळ आठवतो.

पण त्याच करींनी त्याच वर्षी जूनमध्ये बेसबॉलसाठी टोनी व्हिटेलो यांना आणलं होतं. व्हिटेलो तोवर कुठेही हेड कोच नव्हते, आर्कान्सोला असिस्टंट होते. टेनेसीची बेसबॉल टीम २००५ नंतर एनसीएएच्या (कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना) स्पर्धेत पोचलीच नव्हती. ती २०१९ला पोचली, २०२१ आणि २०२३ला ओमाहापर्यंत, म्हणजे या स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत, गेली आणि २०२४ला कॉलेज वर्ल्ड सीरीज जिंकली. बेसबॉलमधलं तिथलं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद. ट्रॉफी आली तेव्हा एडी होते डॅनी व्हाइट. करी वेक फॉरेस्ट विद्यापीठात जाऊन पाच वर्षं झाली होती.

आता यात श्रेय कोणाचं? व्हाइट यांनी व्हिटेलोंना टिकवून ठेवलं, पैसा उभा केला, त्यांचाही वाटा आहेच. पण पहिला डाव करींचा होता.

करींनंतर एडी झाले फिलिप फुल्मर. टेनेसीला १९९८चं विजेतेपद मिळवून देणारे कोच, लोकांचा लाडका माणूस. त्यांनी फुटबॉल कोच म्हणून जेरेमी प्रुइट यांना आणलं. जानेवारी २०२१ मध्ये रिक्रूटिंगमधल्या (नवे खेळाडू मिळवण्यातल्या) गैरप्रकारांवरून प्रुइट यांची हकालपट्टी झाली, त्याच दिवशी फुल्मर यांनी निवृत्ती जाहीर केली, आणि २०२३ मध्ये एनसीएएने विद्यापीठाला ८० लाख डॉलरहून जास्त दंड ठोकला. गर्दीने पिटाळलेला माणूस पुढच्या विजेतेपदाची सोय करून गेला, आणि गर्दीने डोक्यावर घेतलेल्या माणसाच्या काळात विभाग चौकशीत अडकला.

माझं म्हणणं एवढंच की आज स्कोअरबोर्डवर जे दिसतं ते बहुतेक वेळा चार-सहा वर्षांपूर्वी कोणीतरी घेतलेल्या निर्णयाचं फळ असतं. त्यामुळे चालू सीझनवरून एडीला जोखणं म्हणजे दुसऱ्याच माणसाचा पेपर तपासण्यासारखं आहे. एडीचं खरं काम तीन-चार गोष्टींत दिसतं: करारावर सही करताना हात किती आखडला, वाईट सीझननंतर धीर किती धरला, मोठ्या देणगीदाराला ‘नाही’ म्हणता आलं का, आणि ज्या खेळांना कोणी बघायला येत नाही त्यांच्याकडे लक्ष किती दिलं.

तुमची मतं आणि उदाहरणं वाचायला आवडतील.

हिशेबनीस

धागा चांगला आहे, पण पटला नाही. कॉलेज स्पोर्ट्समध्ये सगळं ठरतं ते कॉन्फरन्सवर, म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटावर. एसईसी किंवा बिग टेन या बड्या कॉन्फरन्समध्ये असाल तर टीव्हीचा पैसा आपोआप येतो, त्यातून कोच येतो, कोचमुळे खेळाडू येतात. एडी कोणीही असला तरी ही गाडी चालते. तुम्ही ज्याला दूरदृष्टी म्हणताय ती पुष्कळदा नशिबाची गोष्ट असते. करींनी एका वर्षात दोन मोठे निर्णय घेतले, एक लागला, एक फसला. यातून काय सिद्ध होतं?

शनिवारचा प्रेक्षक

पैसा आपोआप येतो हे मान्य. तो आपोआप नीट खर्च होत नाही, हा मुद्दा आहे. टेक्सस ए अँड एम एसईसीमध्येच आहे. २०१७ मध्ये त्यांनी जिम्बो फिशर यांना १० वर्षांसाठी साडेसात कोटी डॉलर दिले, तेही पूर्ण हमीसह. म्हणजे उद्या काढलं तरी उरलेली रक्कम द्यायचीच. चार वर्षांनी, तोवर एडी बदलले होते, करार आणखी वाढवला. नोव्हेंबर २०२३ मध्ये फिशरना काढलं तेव्हा न खेळलेल्या वर्षांसाठी साडेसात कोटींहून अधिक डॉलर देणं निघालं. पैसा नसता तर हा करार झालाच नसता. पैसा असूनही हात आखडणारा एडी असता तरीही झाला नसता.

हिशेबनीस

मग त्याच माणसाचं पुढचं पण सांगा ना. फिशरचा पहिला करार करणारे एडी स्कॉट वुडवर्ड २०१९ला एलएसयूला (लुइझियाना स्टेट) गेले. तिथे त्यांनी महिला बास्केटबॉलसाठी किम मल्की आणल्या: २०२३चं विजेतेपद. बेसबॉलसाठी जे जॉन्सन: २०२३ आणि २०२५. जिम्नॅस्टिक्सचं २०२४चं विजेतेपदही त्यांच्याच काळातलं. एवढं सगळं मिळवून ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांना जावं लागलं, कारण फुटबॉल कोच ब्रायन केली. १० वर्षं, साडेनऊ कोटी डॉलर, आणि चौथ्या सीझनच्या अर्ध्यात हकालपट्टी. राज्याचे गव्हर्नर जाहीरपणे म्हणाले की पुढचा कोच वुडवर्ड निवडणार नाहीत. दुसऱ्या दिवशी ते बाहेर.

आता हा एडी चांगला की वाईट? तुमच्या मोजपट्टीने सांगा.

शनिवारचा प्रेक्षक

माणसं पारखण्यात उत्तम, करारात कमकुवत. दोन्ही एकाच माणसात असू शकतं, आणि विद्यापीठाने हे २०१९लाच ओळखून करारांवर दुसऱ्या कोणाची तरी नजर ठेवायला हवी होती. ए अँड एमचा करार तेव्हा सगळ्यांसमोर होता.

पण तुम्ही दिलेलं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. चार राष्ट्रीय विजेतेपदं एका पारड्यात आणि फुटबॉलचा एक करार दुसऱ्यात, तरी दुसरं पारडं जड ठरलं. फुटबॉल सोडून बाकीच्या खेळांचं यश या हिशेबात धरतच नाहीत, हे मला फार खटकतं.

उत्तरेचा वारा

धीराबद्दल लिहितो, कारण मी मिशिगनचा आहे आणि ते सगळं जवळून पाहिलंय.

२०२० मध्ये आमची फुटबॉल टीम २-४ (दोन विजय, चार पराभव) झाली. कोच जिम हारबॉ यांचं सहावं वर्ष, ओहायो स्टेटविरुद्ध एकही विजय नाही. मित्रांच्या ग्रुपवर रोज एकच घोषा: काढा. एडी वॉर्ड मॅन्युएल यांनी काढलं नाही, पण जैसे थे पण ठेवलं नाही. जानेवारी २०२१ मध्ये नवा करार केला, मूळ पगार जवळपास अर्ध्यावर आणला आणि बाकीचं कामगिरीशी बांधलं. हारबॉंनी सही केली. स्टाफमधले बरेच चेहरे बदलले. पुढची तीन वर्षं बिग टेनचं विजेतेपद, तिन्ही वर्षं ओहायो स्टेटवर विजय, आणि जानेवारी २०२४ मध्ये वॉशिंग्टनला ३४-१३ हरवून राष्ट्रीय विजेतेपद.

याच्या उलट नेब्रास्का. २००३ मध्ये फ्रँक सोलिच यांचा नियमित सीझन ९-३ झाला, दोनच वर्षांपूर्वी ते राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना खेळले होते. नवे एडी स्टीव्ह पीडरसन यांना ते पुरेसं वाटलं नाही. काढलं. पुढच्या वर्षी ५-६, म्हणजे १९६१ नंतरचा पहिला हरलेला सीझन. २००७ मध्ये पीडरसनही गेले आणि सावरायला जुने कोच टॉम ऑस्बॉर्न यांना एडी म्हणून बोलवावं लागलं. त्या फुटबॉलला पूर्वीची पत अजून आलेली नाही.

आणि गंमत बघा, त्याच नेब्रास्कात व्हॉलीबॉलचे कोच जॉन कुक २००० ते २०२४ एका जागी राहिले. एडी आले आणि गेले, त्यांना कोणी हात लावला नाही. चार राष्ट्रीय विजेतेपदं. ऑगस्ट २०२३ मध्ये फुटबॉलच्या मेमोरियल स्टेडियममध्ये त्यांच्या मॅचला ९२,००३ लोक आले होते. एकाच विभागात, एकाच इमारतीत, एका खेळाला स्थैर्य मिळालं आणि दुसऱ्याला नाही.

नियमावली

वरच्या प्रतिसादात एक गोष्ट राहिली. मिशिगनचं ते विजेतेपद साइन-स्टीलिंगच्या (प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरण्याच्या) चौकशीसकट आलंय. २०२३ मध्ये हारबॉ दोन वेगळ्या प्रकरणांत मिळून सहा सामने निलंबित होते आणि २०२५ मध्ये एनसीएएने विद्यापीठावर मोठा दंडही लावला. धीर धरला हे बरोबर, पण खाली काय चाललंय यावर नजर ठेवणं हेही त्याच खुर्चीचं काम आहे.

मी काही वर्षं एका विद्यापीठाच्या कंप्लायन्स ऑफिसमध्ये, म्हणजे नियम पाळले जातात का हे बघणाऱ्या ऑफिसात, काम केलंय (नाव देत नाही), म्हणून थोडं आतलं लिहिते. बाहेरून वाटतं नियम मोडले जातात ते मोठ्या रकमांच्या पाकिटांनी. सुरुवात त्याहून खूप साधी असते. रिक्रूटच्या (आणू पाहत असलेल्या खेळाडूच्या) ऑफिशियल व्हिजिटचा, म्हणजे विद्यापीठाच्या खर्चाने होणाऱ्या भेटीचा, फॉर्म अर्धवट भरून येतो. सोबत पालक किती आले, कुठे जेवले, गाडी कोणाची होती, हे रकाने कोरे. आम्ही फॉर्म परत पाठवतो. कोचच्या ऑफिसमधून फोन येतो की सोमवारपर्यंत वेळ नाही. आता आम्ही तो फॉर्म अडवून ठेवला आणि कोच थेट एडीकडे गेला, तर एडी काय म्हणतो यावर पुढचं सगळं ठरतं. आमच्याकडे पहिले एडी म्हणायचे, ‘त्यांचं समाधान झाल्याशिवाय माझ्याकडे येऊ नका.’ नंतरचे म्हणायचे, ‘जरा सांभाळून घ्या.’ वर्षभरात कोरे रकाने वाढले. आम्हीच अडवणं कमी केलं होतं, कारण उपयोग नव्हता.

पेन स्टेटचं प्रकरण याच्या कितीतरी पलीकडचं, अतिशय गंभीर. पण तिथेही मूळ प्रश्न हाच. २००१ मध्ये माजी असिस्टंट फुटबॉल कोच जेरी सँडस्कीने मुलाचं लैंगिक शोषण केल्याची तक्रार एडी टिम कर्ली यांच्यापर्यंत पोचली होती. ती पोलिसांपर्यंत गेली नाही. २०११ला सगळं बाहेर आलं, २०१२ला ६ कोटी डॉलरचा दंड, २०१७ला कर्ली यांनी मुलांना धोक्यात घातल्याचा गुन्हा कबूल केला आणि त्यांना तुरुंगवास झाला. त्या दहा वर्षांत टीम जिंकतही होती. त्यामुळे ‘प्रोग्रॅम यशस्वी आहे का’ याचं उत्तर मी कधीच स्कोअरवरून देत नाही.

जलतरंग

नियमावली, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. धन्यवाद.

माझी मुलगी डिव्हिजन ३ मध्ये पोहते. तिथे खेळासाठी स्कॉलरशिप नसते, टीव्ही नाही, स्टँडमध्ये फक्त आईवडील. वरच्या कोट्यवधी डॉलरच्या चर्चेत आमच्यासारख्यांचा संबंध काय असं वाटेल, पण एडी कसा आहे हे आम्हाला जास्त जाणवतं. पहिल्या वर्षी तिचा खांदा दुखत होता. टीमला ॲथलेटिक ट्रेनर (दुखापती बघणारा माणूस) एकच, आणि तोही त्या आठवड्यात फुटबॉलबरोबर बाहेरगावी. मुलगी तशीच पोहत राहिली. पुढच्या वर्षी नव्या एडी आल्या. त्यांनी नवी इमारत बांधली नाही की मोठी घोषणा केली नाही. अर्धवेळ ट्रेनरची एक जागा मंजूर करून घेतली आणि पूलवर ठरलेल्या तासांना कोणीतरी हजर राहील अशी पाटी लावली. आज टीममध्ये मुली दुखणं लपवत नाहीत. आमच्या टायमिंगमध्ये सुधारणा झाली ती याचमुळे, असं मी ठामपणे म्हणेन.

स्टॅनफर्डचंही कोणीतरी लिहायला हवं. सगळ्या खेळांचे गुण एकत्र करून दिला जाणारा डायरेक्टर्स कप त्यांनी सलग २५ वर्षं जिंकला. आणि जुलै २०२० मध्ये जाहीर केलं की ३६ पैकी ११ खेळ बंद करणार. त्यात कुस्ती होती. मार्च २०२१ मध्ये त्यांचा शेन ग्रिफिथ राष्ट्रीय स्पर्धेच्या मॅटवर उतरला तो कोऱ्या काळ्या सिंगलेटमध्ये. छातीवर विद्यापीठाचं नाव नाही, चिन्ह नाही. आणि १६५ पाउंडात तो राष्ट्रीय विजेता झाला. मे महिन्यात निर्णय मागे घेतला गेला. खेळाडू आणि माजी विद्यार्थी लढले म्हणून. तो फोटो बघितला की मला आजही भरून येतं.

पाऊलवाट

स्त्रियांच्या खेळांचा विषय निघालाच आहे तर एक जुनी गोष्ट. शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेदभावाला बंदी करणारा टायटल नाइन कायदा १९७२ला आला, पण नुसत्या कायद्याने टीम उभ्या राहिल्या नाहीत. अनेक मोठ्या विद्यापीठांत महिलांचा वेगळा ॲथलेटिक विभाग होता आणि त्याची प्रमुख स्त्री होती. टेक्ससमध्ये डॉना लोपियानो (१९७५ ते १९९२), आयोवात क्रिस्टीन ग्रँट (१९७३ ते २०००). लोपियानो यांनी १९७६ला जोडी कॉनराड्ट यांना बास्केटबॉलसाठी आणलं, आणि १९८६ला ती टीम ३४-० करून राष्ट्रीय विजेती झाली. ग्रँट यांनी १९८३ला व्हिव्हियन स्ट्रिंगर यांना आयोवात आणलं. दोन वर्षांत तिथे महिलांच्या एका मॅचला २२ हजारांहून जास्त लोक जमले. आज आयोवातल्या महिला बास्केटबॉलची जी गर्दी दिसते ती सवय तेव्हापासूनची आहे.

नंतर हे वेगळे विभाग पुरुषांच्या विभागात विलीन झाले. खर्च वाचला असेल, पण ‘आमचं बजेट कुठे गेलं’ असं टेबलावर बसून विचारणारी बाईच गेली. १९७२ला महिलांच्या टीमना शिकवणाऱ्यांत ९० टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या, आज निम्म्याही नाहीत. यात खुर्चीवर कोण बसतं याचा संबंध नाही असं कोणी म्हणू नये.

हिशेबनीस

पाऊलवाट, ही माहिती मला नव्हती. मौल्यवान आहे.

पण मला अजून एक शंका आहे. व्हँडरबिल्टने २००३ मध्ये ॲथलेटिक विभागच रद्द केला होता. चॅन्सलर गॉर्डन गी यांनी एडीचं पद काढून सगळं विद्यार्थी जीवनाच्या विभागाखाली आणलं. लोक म्हणाले, संपलं. त्यानंतरच २००७ मध्ये महिलांच्या बोलिंग टीमने व्हँडरबिल्टचं कुठल्याही खेळातलं पहिलं सांघिक राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, मग बेसबॉलची दोन (२०१४, २०१९), मधे महिला टेनिस (२०१५). मग एडी लागतोच कशाला?

शनिवारचा प्रेक्षक

पद काढलं, पण काम करणारा माणूस होता: डेव्हिड विल्यम्स. २०१९पर्यंत सगळे खेळ त्यांच्याच हाताखाली होते. आणि बेसबॉलचे टिम कॉर्बिन २००२पासून तिथेच आहेत, कोणी त्यांना घाई केली नाही.

पुढचं तर मला जास्त आवडतं. २०२० मध्ये कँडिस स्टोरी ली एडी झाल्या. स्वतः व्हँडरबिल्टच्या बास्केटबॉल खेळाडू, आणि एसईसीतल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला एडी. त्यांनी फुटबॉलसाठी क्लार्क ली यांना आणलं (नातं नाही, इंग्रजीत आडनावांचं स्पेलिंगही वेगळं आहे). निकाल: २-१०, ५-७, पुन्हा २-१०. तीन वर्षं अशी गेल्यावर एसईसीमध्ये किती एडी कोचला ठेवतील? त्यांनी ठेवलं. ५ ऑक्टोबर २०२४ला पहिल्या क्रमांकावरच्या अलाबामाला ४०-३५ हरवलं. विद्यार्थ्यांनी गोलपोस्ट उपटून नॅशव्हिलच्या रस्त्यांवरून मिरवत नेला आणि कंबरलँड नदीत टाकला.

उत्तरेचा वारा

+१. अलाबामाचंही असंच होतं बरं का, फक्त उलट बाजूने. निक सेबन यांना २००७ला आणणारे एडी माल मूर आज देवासारखे आहेत. त्याआधी त्याच मूर यांनी नेमलेले एक कोच सोडून गेले, एकांना एकही सामना खेळण्याआधी काढावं लागलं, तिसऱ्यांना चार वर्षांनी. २००६च्या डिसेंबरमध्ये रिच रॉड्रिगेझ यांनी नकार दिला, म्हणून सेबन आले. विद्यापीठाने मूर यांना चौथी संधी दिली नसती तर?

पाऊलवाट

यापुढे हे सगळं आणखी कठीण होणार आहे. खेळाडूंच्या मोबदल्यावरून चाललेल्या हाऊस खटल्यात जून २०२५ला झालेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. त्यातला किती वाटा फुटबॉलला, किती महिला बास्केटबॉलला, पोहणाऱ्यांना काही की काहीच नाही, हे एडी ठरवणार. बहुतेक ठिकाणी मोठा वाटा फुटबॉलकडे जातोय. टायटल नाइन इथे कसं लागू होतं यावर भांडण सुरूच आहे. पुढच्या दहा वर्षांत कोणते खेळ जिवंत राहतील हे या वाटपावर ठरेल.

नवखा पालक

सगळा धागा एका बैठकीत वाचला. माझा मुलगा हायस्कूलच्या तिसऱ्या वर्षात आहे, ट्रॅकवर धावतो, दोन-तीन कॉलेजांशी बोलणं चालू आहे. आम्ही आतापर्यंत फक्त कोचशीच बोललोय. एडी किंवा विभाग कसा आहे हे बाहेरच्या माणसाला कसं कळणार?

नियमावली

पुष्कळ कळतं. आधी केंद्रीय शिक्षण खात्याच्या साइटवर जा. १९९४च्या कायद्याने जवळपास प्रत्येक कॉलेजला दरवर्षी खेळावरचा खर्च, खेळाडूंची संख्या आणि कोचचे सरासरी पगार, स्त्री-पुरुष वेगळे दाखवून जाहीर करावे लागतात. पाच-सहा वर्षांचे आकडे शेजारी ठेवले की कोणाकडे लक्ष आहे आणि कोणाकडे नाही ते दिसतं. ट्रॅकचा खर्च हळूहळू कमी होत असेल तर सावध.

मग व्हिजिटला गेल्यावर विचारा: ट्रेनर नेमका कोणाच्या हाताखाली काम करतो, कोचच्या की वैद्यकीय विभागाच्या? खेळाडू खेळू शकतो की नाही, हा शेवटचा शब्द कोणाचा? गेल्या चार वर्षांत टीममधल्या किती मुलांनी खेळ सोडला? हा कोच गेला तर माझ्या मुलाच्या जागेचं आणि मदतीच्या रकमेचं काय, हे लेखी मिळेल का? शेवटच्या वर्षातल्या एखाद्या धावपटूला बाजूला घेऊन विचारा की एडी तुमच्या मीटला कधी आले होते का, तुमची नावं त्यांना माहीत आहेत का.

हे सगळं मुलाला विचारायला लावू नका, तुम्ही विचारा. त्याला कोचसमोर चांगलं दिसायचं असतं, त्याच्यावर आधीच पुरेसं दडपण असतं.